कॅनमधला प्रोफेसर

रशीदचाचा, सहज आले होते.

हसू नका. मला ठाऊक आहे, हे वाक्य ऐकलं की तुम्ही समोरच्याला आधी पाण्याचा तांब्या द्यायचात आणि मग गप्प त्याच्या चपलांकडे बघत बसायचात. डेअरीच्या ऑफिसात सहज कोणी येत नाही, हे तुमचं पक्कं मत. माणूस येतो, म्हशीचं सांगतो, जावयाचं सांगतो, ढगांचं सांगतो. ते सगळं ऐकून घ्यायचं, पण मनावर घ्यायचं नाही. खरं काम निघतं ते तो उठल्यावर. चपला घातल्या, एक पाय उंबऱ्याबाहेर पडला, की तो मागे वळतो आणि म्हणतो, "अन् एक सांगायचं राहिलंच, सचिव." तिथून पुढे कान उघडे ठेवायचे.

मलाही तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. फार मोठं नाही, पण इतकी वर्षं ते माझ्याकडे पडून आहे आणि आता ऐकायला तुम्ही नाही. तुमच्याच रीतीप्रमाणे ते उंबऱ्यावर सांगेन. तोवर बसते जरा.

तुम्ही गेल्याचं आईनंही तसंच सांगितलं. सकाळी सातला फोन आला. मी इथे नेदरलँड्समध्ये, खिडकीबाहेर रोजच्यासारखा पाऊस. आईनं शेळीला दोन पिल्लं झाल्याचं सांगितलं, शिरूरचा रस्ता पुन्हा उखडल्याचं सांगितलं, बाजरीचं सांगितलं. मग "ठेवते आता" म्हणाली आणि ठेवला नाही. मला तिथेच कळलं, चाचा. "वैशे, अन् एक सांगायचं राहिलं," असं ती म्हणेपर्यंत मी खुर्ची ओढून बसलेसुद्धा होते. तुमची विद्या तुमच्यावरच अशी वापरावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं. रडले, पोटभर रडले. पण तासाभरानं तोंड धुताना मला एकदम छत्रीवाला पोरगा आठवला आणि तोंडावर साबण असतानाच हसू फुटलं. मग दिवसभर तेच चाललं. तुमच्या आठवणीत माणसाला धड रडता येत नाही, हा तुमचा मोठाच दोष आहे.

छत्रीवाल्या पोराचं सांगायचं तर आधी त्या दुष्काळाचं सांगावं लागेल. आपल्याकडची माणसं दरवर्षी ऊसतोडीला जातातच, पण त्या वर्षी जी कधी गेली नव्हती तीही गेली. निम्म्या गावाला कुलपं होती. वडील उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून गेले आणि आई दोन म्हशींना घेऊन मागे राहिली. जनावरं गावाबाहेरच्या चारा छावणीत, पाणी टँकरचं. म्हशींचं दूध आटलं आणि त्याबरोबर आपली दूध संस्थाही आटली. एरवी सकाळी कॅनची रांग लागायची तिथे दोन-तीन कॅन कसेबसे भरत. साडेआठला दुधाची गाडी गेली की संध्याकाळच्या दुधापर्यंत संस्थेच्या सचिवाला, म्हणजे तुम्हाला, काडीचं काम नसायचं.

आणि मलाही नव्हतं, कारण मी नापास होऊन घरी आले होते. शेतकी इंजिनिअर झाले होते, भूजलाचा अभ्यास करायला परदेशी जायचं ठरवलं होतं, विद्यापीठानं जागाही देऊ केली होती. अट एकच, इंग्रजीची परीक्षा. त्यात वाचणं जमलं, लिहिणं जमलं, बोलणंही बरं झालं. गेले ते ऐकण्यात. जूनच्या आत पुन्हा परीक्षा देऊन ऐकण्याचे गुण आणले तर जागा आणि शिष्यवृत्ती राहणार, नाहीतर दोन्ही गेलं. मराठी शाळेत शिकलेल्या आम्हा पोरांचं इंग्रजी डोळ्यांतून आत गेलेलं. कानांना त्याची ओळखच नव्हती.

तर त्या परीक्षेत तिकडच्या कॉलेजांतली व्याख्यानं ऐकवतात आणि तिथल्या पोरांचे संवाद ऐकवतात. कोणी ग्रंथालयात गेलाय, कोणी प्रोफेसरच्या खोलीत. सगळं एकदाच ऐकायचं, ऐकता ऐकता टिपायचं आणि मग प्रश्नांची उत्तरं द्यायची. मैत्रिणीनं असला सगळा सराव मेमरी कार्डात भरून दिला होता. पण घरी लाइट नसायची. गावात दिवसभर इन्व्हर्टर चालायचा तो एका डेअरीत, फॅट काढायच्या मशिनीसाठी. म्हणून मी फोन चार्ज करायला तुमच्याकडे आले आणि तुम्ही मला तांब्या देऊन माझ्या चपलांकडे बघायला लागलात.

दोन दिवस मी कोपऱ्यात बसून फोन कानाला लावून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात की मलाही ऐकू दे. फोनचा आवाज चिलटासारखा. तुम्ही उठलात, धुतलेला रिकामा कॅन आणलात, तळाशी फडकं घातलंत आणि फोन त्यात उभा ठेवलात. आणि कॅनमधून प्रोफेसर बोलायला लागला. काय आवाज घुमला, चाचा. देवळातल्या गाभाऱ्यात कोणी बोलावं तसा. दुधाची किटली परत न्यायला थांबलेल्या बाया आत डोकावल्या. व्याख्यान हिमनद्यांवर होतं. मी अर्थ सांगितला की हा माणूस मैलोगणती पसरलेल्या बर्फाबद्दल बोलतोय. सगळ्यांत म्हाताऱ्या गयाआजी, ज्यांची पहाट पाण्याच्या रांगेत गेली होती, त्या कॅनमध्ये वाकून म्हणाल्या, "त्यातला एक तुकडा इकडं धाड रे बाबा."

त्या दिवसापासून साडेआठची गाडी गेली की तुमच्या ऑफिसात वर्ग भरायला लागला. व्याख्यान संपलं की मी पानं दाखवायचे. पेन्सिलनं भरून टाकलेली, चार-चार पानं. आणि प्रश्नांची उत्तरं चुकलेली. तुम्ही ते दोन दिवस बघितलंत आणि म्हणालात, "समदंच लिवतीस. मग ऐकती कवा?"

तुम्ही कपाटातून संस्थेचं प्रोसिडिंग काढलंत, सभांचं इतिवृत्त लिहायचं ते लाल कापडी बांधणीचं जाड बुक. सातवी शिकलेल्या माणसाचं अक्षर असं की छापल्यासारखं. तुम्ही एक पान उघडलंत आणि सांगितलंत की ही सभा दुपारी बाराला सुरू झाली ती चार वाजता संपली, दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या, एकानं खुर्ची उचलली, तिघे रुसून गेले आणि त्यांना परत आणावं लागलं. बुकात मात्र अर्धंच पान होतं. विषय, त्यावर काय ठरलं, सूचक कोण, अनुमोदक कोण. म्हणजे ठराव मांडणारा एक आणि त्याला पाठिंबा देणारा एक. पाठिंबा देणारा कोणी आहे का, हे सचिवानं सभेत दोनदा विचारायचं. दोनदा विचारूनही कोणी उठलं नाही की तो विषय तिथेच संपला, पुढे चला. बुकात त्याची ओळसुद्धा येत नाही.

मग तुम्ही मला कॅनमधल्या प्रोफेसरचं प्रोसिडिंग लिहायला लावलंत. हिमनदी सरकते असं कोणी सुचवलं, तो सूचक. कोणी त्याला पुरावा दिला, तो अनुमोदक. कोणी विरोध केला? शेवटी काय ठरलं? मला हसायला येत होतं, पण चौथ्या व्याख्यानाला माझं एक पान झालं आणि सहातली पाच उत्तरं बरोबर आली. आठवतं, एका व्याख्यानाचं काहीच ठरत नव्हतं. एक शास्त्रज्ञ म्हणतो असं, दुसरा म्हणतो तसं, आणि प्रोफेसर म्हणे अजून अभ्यास व्हायला हवा. मी गोंधळले. तुम्ही म्हणालात, त्यात काय, लिव की विषय तहकूब. पुढच्या सभेत. खरं सांगते, आज मी स्वतः त्या लोकांत बसते. निम्मे विषय तहकूबच असतात.

तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं आणि तरी तुम्ही माझ्याआधी ऐकायचात, याचा मला तेव्हा फार राग यायचा. तुमच्या मते बोलणारा कुठल्याही मुलखातला असो, महत्त्वाचं बोलण्याआधी तो आपल्या संस्थेच्या चेअरमनसारखा थांबतो. उदाहरणं देताना त्याचा आवाज सैल होतो, त्याला तुम्ही गावगप्पा म्हणायचात आणि माझी पेन्सिल हातानं दाबून धरायचात. "हाउएवर" एवढा एक शब्द तुम्ही शिकून घेतलात. तो आला की टेबलावर बोट आपटायचात, कारण आता आधीचं सगळं फिरणार. एका प्रोफेसरबद्दल तुम्ही म्हणालात की ह्याला घरी कोणी बोलू देत नसणार. मला आजही तो आवाज आठवला की त्या अनोळखी माणसाची दया येते.

पण चुकायचात तेव्हा झोकात चुकायचात. तो छत्रीवाला पोरगा. एका संवादात एक पोरगा ऑफिसात येऊन काहीतरी हरवल्याचं सांगत होता, इतक्या रडवेल्या आवाजात की तुमचा चेहरा उतरला. माझ्याआधीच तुम्ही बायांना अर्थ सांगून टाकलात की पोराचं मोठं नुकसान झालंय, बहुतेक जनावर गेलंय, आणि दुधाचं असणार, नाहीतर एवढं रडत नाही. बाया हळहळल्या. गयाआजींनी डोळ्याला पदर लावला. मी सांगितलं की त्याची छत्री हरवलीय. गयाआजींचा पदर डोळ्यालाच राहिला. त्या वर्षी आपल्या गावात कोणी छत्री उघडलीच नव्हती. मग आधी बायांत बसलेली आई हसली, मग गयाआजी, आणि मग तुम्ही असे हसलात की तुम्हाला ठसका लागला आणि मला तुमच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

छत्रीवर मात्र तुम्ही हरला नाहीत. तुम्ही फोन पुन्हा कॅनात ठेवायला लावलात आणि म्हणालात, हा अजून गेला न्हाई, ह्याचं खरं काम पुढं हाय. आणि होतंच. छत्रीचं झाल्यावर, निघता निघता, तो पोरगा म्हणाला की बरं, इथे तुमच्याकडे काही काम मिळेल का. प्रश्नही नेमका त्यावरच होता, की पोरगा कशासाठी आला होता. पहिल्या परीक्षेत माझे असले सगळे प्रश्न चुकले होते. दर वेळी मी छत्रीच लिहून आले होते. त्या दिवशी तुम्ही मला उंबरा शिकवलात.

एवढं सगळं गोड चाललेलं असताना आपण भांडलो.

तुम्हीच प्रोसिडिंग वाचायला दिलंत, आणखी चार सभा बघ म्हणून. त्यात दोन महिन्यांपूर्वीचा ठराव होता. टँकरचं पाणी विहिरीत ओतून लोकांनी त्यावर तुटून पडण्यापेक्षा, दूध घालायला जशी रांग लावतात तशीच रांग डेअरीसमोर लावून, दुधाच्याच मापानं घरटी सारखं पाणी द्यावं. सूचक, चेअरमन. सर्वानुमते मंजूर. मला फार आवडला. घरी जाऊन मी आईला म्हटलं की आपले चेअरमन शहाणे आहेत. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "ते तर मी म्हनलं होतं."

ज्या दिवशी मी परीक्षेचा फॉर्म भरायला औरंगाबादला गेले होते, त्या दिवशीच्या सभेत आई उभी राहून हे बोलली होती. डेअरीत दूध घालायचं पासबुक तिच्या नावावर, म्हणजे ती सभासदच. पण ज्यांच्या घरच्या टाक्यांत टँकर आधी रिकामा व्हायचा ते पुढच्या रांगेत बसलेले होते. तिला अनुमोदक मिळाला नाही. विषय संपला, पुढे चला. पंधरा दिवसांनी विहिरीवर मारामारी झाली, तेव्हा पुढच्या सभेत तेच बोलणं चेअरमनच्या तोंडून आलं आणि दहा जणांनी अनुमोदन दिलं. आई हे सांगताना हसत होती. पाणी रांगेत मिळतंय, तिला तेवढं पुरे होतं. मला पुरे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला विचारलं की हे आधी कोण बोललं होतं. तुम्ही फॅटच्या बाटल्या धूत होतात. मान वर न करता म्हणालात, "पानी रांगेनं मिळतंय न्हवं? मग कोन बोललं त्याला काय करायचंय."

मी म्हणाले, माझ्या परीक्षेत तर तेच विचारतात, कोण म्हणालं आणि का म्हणालं. तुम्ही म्हणालात, परीक्षा वेगळी, संस्था वेगळी. मी म्हणाले, मग तुमची संस्था चुकतेय. तुम्ही म्हणालात, सचिवाला मत नसतं बेटा, तो नोकर असतो, त्याला अनुमोदन देता येत नाही. आणि मग मी जे बोलले ते आठवलं की आजही कान तापतात. मी म्हणाले, "अनुमोदन राहू द्या. तुम्हाला ऐकू तरी आलं होतं का?"

ज्या माणसानं मला ऐकायला शिकवलं त्याला मी हे विचारलं. कॅनमधून फोन काढला आणि निघून आले.

राग आला तरी चार्जिंगला तुमच्याकडेच यावं लागायचं, ही त्या रागाची फजिती. मी चुलत भावाचे इयरफोन मागून आणले. फोन आत तुमच्या टेबलावर चार्जिंगला लावायचे, भरला की घेऊन बाहेरच्या ओट्यावर तुमच्याकडे पाठ करून बसायचे आणि एकटीच ऐकायचे. कॅन रिकामा राहिला. बाया विचारायच्या की आज प्रोफेसर आला न्हाई का. तुम्ही सांगायचात की तो रजेवर आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही नमाजाला निघालात. कुलूप हातात, चपला घातलेल्या, एक पाय उंबऱ्याबाहेर. तिथे थांबलात आणि माझ्या पाठीमागे एक वाक्य बोललात. मी वळले नाही. तुम्ही कुलूप लावलंत आणि सायकल घेऊन गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुपचूप फोन कॅनात ठेवला. तुम्ही फडकं नीट केलंत. त्या भांडणाबद्दल आपण पुन्हा धड कधी बोललो नाही.

परीक्षा पुण्यात झाली. मोठे हेडफोन, शेजारी शेजारी खुर्च्या आणि टिपायला कोरे कागद. पहिलं व्याख्यान पक्षी वाट कशी शोधतात यावर होतं. मी कागदावर वर लिहिलं, ठराव एक. खाली सू. आणि अ. देखरेख करणाऱ्या बाईंनी दोनदा येऊन कागद बघितला, आणि त्यांना त्यातलं काही कळलं नाही याचा मला काय आनंद झाला. मग एका संवादात एक मुलगी प्रोफेसरला निबंध किती पानी लिहायचा ते विचारत होती. मी पेन्सिल खाली ठेवली. डोळे मिटले. मला तिच्या चपला दिसत होत्या. प्रोफेसरनं उत्तर दिलं, तिनं आभार मानले, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि मग ती म्हणाली की खरं म्हणजे मला हा विषयच सोडायचा आहे. पुण्याच्या त्या थंडगार खोलीत मी मोठ्यानं हसले असते तर मला बाहेर काढलं असतं.

निकाल लागला तेव्हा मी डेअरीच्या फोनवर फोन केला. गुण किती ते तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत, "मंजूर?"

मी म्हणाले, "मंजूर."

पलीकडून कॅनवर कॅन ठेवल्याचा आवाज आला.

मी जायच्या आधी संस्थेची वार्षिक सभा होती. शेवटी आयत्या वेळच्या विषयांत तुम्ही माझ्या अभिनंदनाचा ठराव घेतलात. चेअरमननी सुचवला. अनुमोदक कोण म्हणून तुम्ही विचारलंत आणि मागे बसलेल्या सगळ्या बायांनी हात वर केले. एका ठरावाला एक अनुमोदक पुरतो, हे मला तुम्हीच शिकवलेलं. पण तुम्ही चष्मा पुसलात आणि एकेकीला नाव विचारून अकराच्या अकरा नावं बुकात लिहिलीत. पहिलं नाव माझ्या आईचं, कौसाबाईचं. सभा संपल्यावर मी तुम्हाला चिडवलं की हे बरं झालं, आता कोण बोललं तेही लिहायला लागलात. तुम्ही म्हणालात, पान भरत न्हवतं म्हनून लिवली. पुढे दर सुट्टीत मी हेच विचारून चिडवायचे आणि दर वेळी तुम्ही पान न भरण्याचंच कारण सांगायचात. एवढा खोटं बोलणारा सच्चा माणूस मी दुसरा बघितला नाही.

आता इथे मी पोरांना शिकवते. व्याख्यानं देते, चाचा, इंग्रजीत, आणि महत्त्वाचं बोलण्याआधी चेअरमनसारखी थांबते. पोरं माझ्या खोलीत येतात, गुणांचं विचारतात, पुस्तकाचं विचारतात. मी उत्तरं देते आणि त्यांच्या बुटांकडे बघत बसते. मागच्या हिवाळ्यात एक मुलगा दारातून मागे वळला आणि म्हणाला की त्याचे वडील आजारी आहेत आणि त्याला घरी जायचंय, पण कोणाला विचारावं ते कळत नाही. त्याला वाटलं असेल की ह्या बाईंना आधीच कसं कळलं. मी त्याला फक्त पाण्याचा पेला दिला होता.

आणि परवा तुमची शोकसभा झाली. इथे सकाळचे साडेसात होते. आईनं व्हिडिओ कॉल लावला. आई आता संस्थेची संचालक आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तिच्या निवडीचं प्रोसिडिंग तुम्हीच लिहिलंत. नवे सचिव दत्ताभाऊ म्हणाले की चाचांच्या बुकात आज माझा हात चालायचा न्हाई, वैशाताई, तू ऐकून लिव, मी मागनं उतरवून घेतो. आणि आईनं काय करावं? माझा आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून फोन कॅनमध्ये ठेवला. तळाशी फडकं घालून. मला दिसायला नुसतं कॅनचं गोल तोंड आणि वर पत्रा. मी दोन शब्द बोलले आणि माझा आवाज तिकडे घुमला. कोणीतरी म्हणालं, प्रोफेसर रजेवरून आला. शोकसभेत माणसं हसली, चाचा, आणि कोणाला वाईट वाटलं नाही.

चेअरमननी दुखवट्याचा ठराव मांडला. ते नीट बोलले, शेवटी त्यांचाही आवाज फाटला. दत्ताभाऊ आता सगळ्यांना उभं राहायला सांगणार, तेवढ्यात आई म्हणाली, "अनुमोदक इचार की."

दत्ताभाऊंनी सांगितलं की दुखवट्याच्या ठरावाला अनुमोदक लागत नाही, कौसाकाकू. आई म्हणाली, "लागू दे न्हाई तर न लागू दे. इचार. तीनदा इचार." आणि मग कॅनच्या तोंडावर वाकल्यासारखा तिचा आवाज अगदी जवळून आला. "माझ्या पाण्याच्या टायमाला ह्या मानसानं तीनदा इचारलं होतं. दोनदाच इचारत्यात. तिसऱ्यांदा इचारताना सभेत टाचणी पडली तरी आवाज आला असता. मला मत मिळालं न्हाई, पन तिसरा आवाज मिळाला. ते मी कवाच इसरले न्हाई."

दत्ताभाऊंनी विचारलं, अनुमोदक? कोणी बोललं नाही. पुन्हा विचारलं. कोणी बोललं नाही. सगळी तिसऱ्याची वाट बघत होती. तिसऱ्यांदा विचारलं आणि त्या कॅनमध्ये इतके आवाज एकदम आले की मला एकही वेगळा ओळखता येईना. मी तुमचा नियम मोडला. ठराव एका ओळीचा आहे, पण प्रोसिडिंग चार पानी झालंय. कोण काय बोललं ते सगळं लिहिलं, कोण हसलं तेही. पान भरत नव्हतं म्हणून.

चला, उठते. अकराला वर्ग आहे, बाहेर पाऊस आहे आणि माझी छत्री मागच्याच आठवड्यात हरवली. हसा. चपला नाही, बूट घातलेत. एक पाय बाहेर आहे.

अन् एक सांगायचं राहिलंच, चाचा. त्या दुपारी उंबऱ्यावर उभं राहून तुम्ही म्हणाला होतात, "बेटा, मी तीनदा इचारलं होतं." मी वळले नाही, कारण माझ्या कानात इयरफोन होते. पण आदल्या रात्रीपासून लाइट नव्हती, इन्व्हर्टरही बसला होता, आणि माझा फोन सकाळीच बंद पडला होता.

मला ऐकू आलं होतं.